काचेतला कागद

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रदर्शन असलं की आमच्यासारख्या माणसाला आत जायला निमित्त शोधावं लागत नाही. एरवी दार काही बंद नसतं, पण कार्ड आहे का, कुठल्या विभागाचे, काय काम, असं दारातला माणूस विचारणार, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडं नाही. धोतरावरून पायजम्यावर आलेला, टोपी घातलेला, हातात भाकरीची पिशवी असलेला माणूस पुस्तकांच्या एवढ्या मोठ्या घरात कशाला आलाय, हे मलाच सांगता आलं नसतं. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र दारात रांगोळी असते, टेबलावर अभिप्रायाची वही असते आणि कुणीतरी पोरगी ‘या काका’ म्हणते. त्या एका ‘या’वर मी शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा गेलो.

नात तिथं एम. ए. करत होती, होस्टेलला राहायची. महिन्यातून एकदा तिला तांदूळ, चटणी, शेंगदाण्याचे लाडू पोचवायचं काम माझ्याकडं. मुख्य इमारतीपुढं घोड्यावरच्या शिवरायांचा पुतळा आहे, तिथं ती मला घ्यायला यायची, पिशवी घ्यायची, चहा पाजायची आणि मी परत एसटीला. हा सगळा सागरमाळाचा भाग. १९६२ साली १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातानं विद्यापीठाचं उद्घाटन झालं. आमचे वडील सांगायचे, त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू, माणूस इतिहासाचा. आता तिथं झाडी आहे, तळी आहेत, मोर फिरतात. शेतकऱ्याची नजर आधी तिकडं जाते. मुरमाड माळावर पाणी अडवून एवढी झाडं वाढवली, हेसुद्धा एक प्रदर्शनच आहे, आणि त्याला फीत कापावी लागत नाही.

एकदा नात म्हणाली, “आजोबा, आज ग्रंथालयात चला. जुनी पुस्तकं मांडल्यात.” ते १५ ऑक्टोबरचं, अब्दुल कलामांच्या जयंतीचं प्रदर्शन होतं. तेव्हापासून जमेल तसं जातो. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. कधी नुसती पुस्तकं, कधी जुनी मासिकं, कधी काव्यवाचन. १२ ऑगस्ट कुणाचा, हे मला तिथंच कळलं. रंगनाथन म्हणून मद्रासकडचे गृहस्थ, मूळचे गणिताचे मास्तर, नंतर ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तक करून छापले. पहिला नियम असा की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. हे ऐकलं आणि मला आमच्या गावातली बंद कपाटाची लायब्ररी आठवली. असो.

कार्यक्रमांबद्दल खरं लिहायचं तर अर्धा वेळ सत्कारात जातो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मग ज्यानं प्रास्ताविक केलं त्याचाही सत्कार. मुलं मागच्या खुर्च्यांवर मोबाईल बघत बसतात, हजेरीची सही झाली की पातळ होतात. माझी तक्रार मात्र दुसरीच आहे. ही प्रदर्शनं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. फेब्रुवारीत आमचा ऊस तुटायला लागलेला असतो, तोडकऱ्यांच्या मागं उभं राहावं लागतं, कारखान्याची गाडी कधी लागेल नेम नसतो. आणि जाहिरात लागणार ती विद्यापीठाच्या फाटकाच्या आत. ज्यांच्या घरात जुने कागद, जुन्या पोथ्या, ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या आहेत, ती माणसं गावात, आणि कागद बघायला बोलावलेली माणसं सगळी शहरातली. श्रावणात, नागपंचमीच्या आसपास एखादं प्रदर्शन तालुक्याच्या बाजारात नेऊन मांडा, बघा किती माणूस येतं. हे मी अभिप्रायाच्या वहीत तीनदा लिहिलंय.

२०२४ च्या फेब्रुवारीत गेलो तेव्हा हस्तलिखितं मांडली होती. लांबट पोथ्या, खाली-वर लाकडी फळ्या, आणि चार पेट्यांत मोडी कागद. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले. मी विचारलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, जास्त उजेडानं कागद पिवळा पडतो, रंग उडतात, म्हणून पोथी एका पानावर फार दिवस उघडीसुद्धा ठेवायची नाही. जुनी काळी शाई काजळाची, बाभळीच्या डिंकात खललेली, ती टिकते. दुसरी एक लोखंडाची शाई असते, ती वर्षानुवर्षं कागद खात जाते. एका पत्रात प्रत्येक अक्षराच्या जागी बारीक भोक पडलं होतं, चाळणीसारखं. दुसऱ्या एका कागदावर अजून वाळूचे कण चिकटलेले. शाई सुकवायला वाळू टाकायचे. लिहिणारा गेला, ज्याला लिहिलं तो गेला, राज्य गेलं आणि चिमूटभर वाळू राहिली. मी त्या काचेपुढं बराच वेळ उभा होतो.

तिसऱ्या पेटीत एक फुलस्केपएवढा, चार घड्यांचा कागद होता. वर ‘श्री’, खाली एकच लांब रेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरं, शेवटी डाव्या हाताचे दोन अंगठे आणि नांगराची खूण. तो बघितला आणि माझ्या पोटात कालवलं. असाच कागद आमच्या घरात होता. पत्र्याच्या ट्रंकेत, तांबड्या फडक्यात, वेखंडाच्या तुकड्यासकट.

त्या कागदाची गोष्ट सांगायला पाहिजे. आमची आणि चुलत घराची मिळून एक विहीर, बांधीव, दगडाची. १९८६ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून वडील आणि चुलते भांडले. काठ्या निघाल्या. चुलत्याचं म्हणणं विहीर दोघांची, वडलांचं म्हणणं सगळी आपली. दोन्ही घरांनी आपापली इंजनं काढून नेली. त्यानंतर त्या विहिरीचं पाणी कुणीच घेतलं नाही. आम्ही नदीवरच्या स्कीमचं पाणी घेतो, त्यांनी बोअर मारली, ती दोन वर्षांत आटली. विहिरीत पिंपळ उगवला, गाळ भरला. वडील म्हणायचे, “कागूद आपल्याकडं हाय तवर हीर आपली.” चुलता म्हणायचा, “त्या कागदात आमचंबी नाव हाय, म्हणून तर दावत न्हाई.” वाचला कुणीच नव्हता. वडील अंगठेबहाद्दर. गावात मोडी वाचणारे शेवटचे मास्तर मी शाळेत असतानाच गेले, आणि ते होते तेव्हाही वडलांनी ट्रंक उघडली नाही. वडील गेले, चुलते गेले. भांडण तेवढं आमच्या नावावर झालं, सात-बारावर फेरफार न करता.

मॅडमना म्हणालो, “आमच्यात असला कागद आहे.” त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लॅमिनेशन करू नका. गावोगावी लोक जुन्या कागदाला प्लॅस्टिक मारून आणतात. ती गरम पट्टी कागदाला कायमची मारते, मग काढायची सोयच राहत नाही. सुती फडकं आणि कोरडी जागा, बस. दुसरी गोष्ट, मे महिन्यात इथंच मोडीचा वर्ग भरणार आहे, दहा दिवस, रोज दोन तास. या.

वर्गात पंचवीसेक जण होते. इतिहासाची मुलं-मुली, दोन शिक्षक, एक निवृत्त तलाठी आणि मी. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती, तेव्हा मी दहावी झालो. १९७६ साली. त्यानंतर वर्गात बसलो तो इथं. पहिल्या दिवशी बाराखडी गिरवली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. एक शब्द कुठं संपला, दुसरा कुठं सुरू झाला, काही खूण नाही. ना टिंब, ना स्वल्पविराम. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, हे तेवढं मला आवडलं. एकटा ‘र’ कुणाशेजारी बसतो त्यावर रूप बदलतो, काही काही माणसांसारखा. शिकवणारे सर म्हणाले, अक्षरं ओळखायला आठ दिवस पुरतात, वाचायला आयुष्य लागतं. आधी मिती वाचा, मग नावं वाचा. ‘बिन’ आलं की पुढं बापाचं नाव, ‘कोम’ आलं की नवऱ्याचं नाव. एवढे खुंटे ठोकले की मधला कागद आपोआप ताणला जातो.

दुपारी वर्ग सुटला की मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून भाकरी खायचो आणि वहीत गिरवायचो. तलाठीबुवा माझ्याआधी तयार झाले, त्यांचा हात त्यातच गेलेला. पण माझ्याजवळ जे होतं ते त्यांच्याजवळ नव्हतं. मला वाचायला घरचा कागद होता.

घरी येऊन रात्री दार लावून बसायचो. मिती दुसऱ्या दिवशीच लागली. मार्गशीर्ष, शके १८४१. त्यात ७८ मिळवले की १९१९ साल. म्हणजे शाहू महाराजांच्या हयातीतला कागद, आणि मानमोडीच्या साथीनंतरचं वर्ष. १९१८ च्या त्या साथीत घराघरांतून दोन-दोन माणसं गेली, हे आजी सांगायची. मजकूर लागायला दिवाळी आली. अडलं की मोबाईलवर फोटो काढून मॅडमना पाठवायचो. शेवटी जे लागलं ते असं.

भाऊ दोन नव्हते, तीन होते. मधला साथीत गेला. विहिरीचं पाणी मोटेनं सात रोजांत वाटून घ्यायचं. थोरल्यास तीन रोज, धाकट्यास तीन रोज. आणि राहिलेला एक रोज, बुधवार, मयत भावाची बायको हिला. तिचा अन्नवस्त्राचा बोजा धाकट्यानं घ्यायचा, पण बुधवारच्या पाण्याला दोघांपैकी कुणी हात लावायचा नाही. नाव लिहिलेलं होतं, ‘कोम’ लिहून नवऱ्याचंही होतं. इथं लिहीत नाही, भावकी अजून नांदते आहे.

या बाईबद्दल मी उभ्या जन्मात आमच्या घरात एक शब्द ऐकला नव्हता. वडलांच्या म्हणण्यासारखी विहीर सगळी आपली नव्हती, चुलत्याच्या म्हणण्यासारखी दोघांचीही नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट डोक्यात वाजली. विहिरीच्या खालच्या अंगाला चुलतभावाचा सहा गुंठ्यांचा तुकडा आहे. त्याला सगळं गाव ‘बुधवार’ म्हणतं. ‘बुधवारात भुईमूग केलाय’, ‘बुधवारातनं बैल न्या’. का म्हणतात, कुणी विचारलं नाही. नावं असतात तशी असतात.

पुढच्या फेब्रुवारीच्या प्रदर्शनासाठी मॅडमनी विचारलं, लोकांच्या घरचे कागद मांडायचे आहेत, तुमचा द्याल का? आदल्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळालेला, त्यामुळं सगळीकडं उत्साह होता. मी घरी विषय काढला आणि घर पेटलं. बायको म्हणाली, “घरातला कागूद काचंत ठिवून गावाला दावायचा? त्यापरास चावडीवर नेऊन वाचा की. मी काय बघायला येत न्हाई.” पोरगा जरा शिकलेला, तो हिशेबानं बोलला. “आण्णा, वाचलाय तो तुम्ही. आणखी कुणाला माहीत न्हाई. परत ट्रंकेत घाला. उद्या स्कीमचं पाणी बंद पडलं तर सगळी विहीर आपली म्हणायला तरी जागा ऱ्हाईल.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या कागदाची सगळी किंमत तो न वाचण्यात होती.

मी चार दिवस गप्प राहिलो. मग विचार केला, चुलतभावाच्या घरी जाऊन कागद दाखवावा तर तो म्हणणार, मनाला येईल तसं वाचतोय. त्याला घरी बोलावलं तर येणार नाही. त्याच्या आईच्या मातीला मी गेलो होतो, तेव्हाही आम्ही बोललो नव्हतो. चावडीवर नेला तर दोन्ही बाजूंचे बघे गोळा होणार. ग्रंथालय ना त्याचं, ना माझं. तिथं कुणाची भावकी नाही.

कागद दिला. देताना सात दिवसांसाठी उसना दिल्याची सही-शिक्क्याची पावती घेतली. पावती घेतल्याबिगर मी ऊससुद्धा सोडत नाही, हा तर आजोबांचा कागद. मॅडमनी त्याचा स्कॅन काढला, शिकवणाऱ्या सरांनी माझं वाचन अक्षर-अक्षर तपासलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं. माणसांची नावं गाळून बाकी मजकूर देवनागरीत टाइप करून काचेशेजारी लावला. शेजारच्या पेटीत कुणाच्या तरी लग्नाची मोडी यादी होती. किती शेर गूळ, किती लुगडी. लोक तिथंच जास्त थांबत होते, हसत होते. आमच्या कागदापुढं माणूस थांबायचं, वाचायचं आणि पुढं जायचं. त्यांना काय त्याचं.

चुलतभाऊ शेवटच्या दिवशी आला. कुणी सांगितलं मला माहीत नाही, नातीवर माझा संशय आहे. वय पंचाहत्तर, शिक्षण चौथी. दारात चपला काढल्या. ‘राहू द्या आजोबा’ म्हणून पोरगी म्हणत होती, तरी काढल्या. मी लग्नाच्या यादीजवळ उभा होतो, हललो नाही. तो काचेपुढं गेला. आधी अंगठ्यांचे ठसे बघितले. मग बाजूचा मजकूर बोट धरून वाचला, काचेला बोट न लावता, हवेतच. दोनदा वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

“बुधवार म्हंजे आपला बुधवारच का रं?”

“असंल, तात्या.”

“आमच्यात एक म्हातारी हुती. मी ल्हान हुतो. आम्ही तिला काकूआज्जी म्हणायचो. कुणाची कोण, काय ठावं न्हाई. चुलीपाशी बसून असायची. पण बुधवारी कुणाचं ऐकायची न्हाई. काठी घेऊन हिरीवर जायची, थारोळ्यापाशी बसायची. पाणी पाटानं खाली लागलं की मगच भाकरी.” जरा थांबून म्हणाला, “आम्ही तिला हसायचो.”

एवढं बोलून त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मॅडम आल्या, त्यांनी त्याच्याकडून त्या म्हातारीचं ऐकून एका वहीत लिहून घेतलं. तो सांगायला बसला तो तासभर. मोटेचा नाडा कसा, धावेवर बैल कोण हाणायचं, म्हातारी काय गुणगुणायची. त्याला इतकं बोलताना मी माझ्या जाणत्या वयात बघितलं नव्हतं. पाच वाजले, दिवे घालवायला माणूस आला, तेव्हा उठलो. अभिप्रायाच्या वहीत त्यानं फक्त सही केली, मोठ्या अक्षरांत, तारखेसकट. एसटीत आम्ही शेजारी बसलो. तिकीट त्यानं काढलं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. विहिरीचा गाळ एप्रिलमध्ये काढला. यारी आणि चार माणसं लावली, खर्च निम्मा-निम्मा. पिंपळ मुळासकट निघत नव्हता, तो काढायला तीन दिवस गेले. बरं झालं तेव्हाच उरकलं, त्या वर्षी मेच्या शेवटाला पाऊस येऊन बसला. बायकोनं गाळ काढणाऱ्यांना दोन दिवस जेवण घातलं. पोरगा अजून म्हणतो, घाई झाली.

सोमवार, मंगळवार, गुरुवार आमची मोटर. शुक्रवार, शनिवार, रविवार त्यांची. कागदात वार फक्त बुधवारचाच होता, बाकीचे आम्ही दोघांनी ठरवले. बुधवारचं काही ठरेना. तात्याचं म्हणणं, म्हातारी आमच्यात होती, तिचं पाणी आमच्यात यावं. माझं म्हणणं, कागदात दोघांनीही हात लावायचा नाही असं लिहिलंय. त्यावर दोनदा आवाज चढले, पण बांधावर, आणि चहा घेऊन. मॅडमना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, ग्रंथालय कागद जपतं, निवाडा करत नाही.

सध्या बुधवारी मोटर बंद असते.